खिडकीवरची पट्टी

चिपच्या पाठीवर एक काचेची खिडकी असते,
नखाएवढी.
तिच्यातून ऊन आत गेलं
तर आतलं सगळं पुसलं जातं, हळूहळू,
ना धूर, ना वास.
म्हणून वर पट्टी चिकटवतात
आणि पट्टीवर लिहितात
त्या दिवशी जे सुचेल ते.

या पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलंय:
फेब्रुवारी १४. पूल नाही. कुणाला दाखवू नये.

ओतारूला जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
कुराहाशीबाईंनी बुटांवरचा बर्फ दारात झटकला, दोनदा,
आणि बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला
आजारी मांजर ठेवावं तसा.
"धाकट्या भावाचं आहे.
तुम्ही असलं घेता म्हणे."

घेतो.
जे गेम दुकानात आले त्यांना वाली आहेत,
त्यांची खोकी लोक काचेच्या कपाटात मिरवतात.
जे आलेच नाहीत ते असे येतात,
डब्यातून, सुटी बटणं आणि
सुकलेल्या खोडरबराच्या सोबतीनं.

तेरुहिको सव्वीस वर्षांचा होता
तेव्हा कंपनीनं दिवाळं काढलं.
पुढे तेहतीस वर्षं त्यानं घरोघर रॉकेल पोचवलं.
"कॉम्प्युटर? नाही हो," बाई म्हणाल्या,
"घरात टीव्हीसुद्धा लावायचा नाही.
हातांना कायम रॉकेलचा वास."

चिपचे पाय काळे पडलेले.
स्पिरिटनं पुसले, एकेक, दात घासावेत तसे.
तीनदा वाचलं, तीनदा बेरीज वेगळी.
आत कुठेतरी एक बिट
हो म्हणावं की नाही, ठरवत नव्हता.
पस्तीस वर्षं दम धरलेला,
आता नेमका आमच्यासमोर अडखळत होता.
बाई गप्प. मी चहा ओतला.
सातव्यांदा बेरीज जुळली.
आठव्यांदाही.
नवव्यांदा मी वाचलंच नाही, खरं सांगते,
धीर झाला नाही.

पडद्यावर एक धक्का उजळला.
लाकडी फळ्या, तीन होड्या,
एक मुलगा, डोक्यावर गवताची टोपी.
टोकाला एक म्हातारा नावाडी.
त्याच्याजवळ गेलं की चौकट उघडते
आणि चौकटीत एवढंच:
इथे काहीतरी बोलेल.

"काय बोलणार होता?" बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, माहीत नाही.
माझ्या कामात हे वाक्य फार लागतं.

मग कंट्रोलर त्यांनी हातात घेतला,
उलटा. मी सुलटा करून दिला.
मुलगा डावीकडे गेला, भिंतीला धडकत राहिला,
वळला, धक्क्याच्या टोकाशी आला,
आणि त्यांचा अंगठा उठायला विसरला.

मुलगा पाण्यात पडला नाही.

समुद्र नुसता रंगवलेला होता.
बुडवायचं त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.
निळ्यावर पांढऱ्या लाटा, त्याच चार, पुन्हा पुन्हा,
आणि त्यांच्यावरून तो चालत निघाला,
टोपी हलवत, भाजी आणायला निघाल्यासारखा.
धक्का मागे सरला. नावाडी सरला.
बाई थांबेनात.
मीही थांबवलं नाही.
बऱ्याच वेळानं लाटांच्या जागी
आकडे आले, तुटकी अक्षरं,
होडीचा अर्धा तुकडा आकाशात,
आणि सगळं गोठलं.

"बिघडवलं का मी?"
नाही, म्हटलं. त्यानं इथवरच केलं होतं.

रात्री नोंद लिहिली.
क्रमांक तीनशे सतरा. नाव: ठरलेलं नाही.
कर्ता: कुराहाशी तेरुहिको.
स्थिती: अपूर्ण.
दोष या रकान्यात
"पाण्यावरून चालता येतं" लिहिलं,
खोडलं,
आणि तेच वर्णनाच्या रकान्यात लिहिलं.
वरिष्ठ विचारतील. विचारू देत.

खिडकीवर नवी पट्टी लावली.
जुनी वेगळ्या पाकिटात, तिलाही क्रमांक.

डबा मात्र बाई परत घेऊन गेल्या.
बटणं ठेवायला बरा पडतो, म्हणाल्या.